आल्यावरचं जैविक औषध चालतं का, हे आपल्याच रानात कसं तपासायचं

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सासरी आल्याची शेती आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टात शाळेत आणि घरी एकच विषय असतो, तो म्हणजे सड, आल्याचा कंद जमिनीतच कुजणं. वाटेत कुणी भेटलं तरी तेच. "बाई, ट्रायकोडर्मा सोडलं तर थांबंल का?" "जीवामृत चालतंय म्हणत्यात, खरं हाय का?" ट्रायकोडर्मा म्हणजे दुसऱ्या बुरशीवर जगणारी उपयोगी बुरशी, जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ घालून केलेलं पाणी. या सगळ्यांना मी एकच सांगते. औषध द्या, पण थोडं रान त्यातून मोकळं ठेवा आणि दोन्हीकडचे आजारी ठोंब, म्हणजे आल्याची झाडं, मोजा.

आल्याला एकरी साधारण १० क्विंटल बेणं, म्हणजे लावायचे कंद, लागतं. लागण होईपर्यंतच एवढा पैसा मातीत गेलेला असतो, की पहिलं पान पिवळं पडलं की माणूस मिळेल ते सोडतो. पुढं सड थांबली, तर श्रेय औषधाला मिळतं. नाही थांबली, तर पाऊस जास्त झाला म्हणायचं. दोन्हीकडून शिकायला काही मिळत नाही आणि पुढच्या साली पुन्हा तोच खर्च. ज्या शेजाऱ्याच्या रानात औषध लागू पडलं, त्याच्या रानात औषधाशिवाय काय झालं असतं, हे त्यालाही माहीत नसतं. मोकळा तुकडा ठेवायचा तो एवढ्यासाठी.

यात अवघड काही नाही. सहा तुकड्यांची जागा, एक वही, चार बाटल्या, तांदळाची कणी आणि दर रविवारी तासभर एवढ्यात काम होतं. आठवी-नववीची पोरं हे सगळं करतात, आणि मन लावून करतात.

आधी रोग कुठला ते बघा

सड म्हणून आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच नावात घालतो. त्यातल्या एकीवरचं औषध दुसरीवर चालत नाही, म्हणून सुरुवात इथून.

खरी कंदकूज बहुतेक वेळा पिथियम या जिवामुळं होते. खालच्या पानांचे शेंडे आणि कडा आधी पिवळ्या पडतात, मग पिवळेपणा वर चढतो. जमिनीलगत दांडा पाणी मुरल्यासारखा मऊ, काळपट दिसतो. दांडा दोन बोटांत धरून हलकेच ओढला तर कंदापासून सहज सुटून हातात येतो आणि खाली घाण वास येतो. निरोगी दांडा असा सुटत नाही. पोरांना मी ही ओढून बघायची खूण सर्वांत आधी शिकवते, कारण नुसत्या पिवळ्या रंगावर गेलं तर हमखास गफलत होते. लोह कमी पडलं की वरची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, ती सड नव्हे. पानावरचे पांढुरके ठिपके हा वेगळा रोग आहे, त्यात दांडा घट्ट असतो.

दुसरी आहे जिवाणूची मर. यात झाड पटकन माना टाकतं, पानं कडेनं वळतात, आणि पिवळं पडायच्या आधीच मलूल दिसतं. ही ओळखायची एक चाचणी आहे, ती प्रत्येक आलेवाल्यानं एकदा तरी करावी. आजारी दांडा जमिनीलगत कापा, दोनेक इंचांचा तुकडा घ्या, बाहेरून स्वच्छ धुवा. काचेच्या ग्लासात नितळ पाणी भरा आणि तुकड्याचं कापलेलं टोक जेमतेम पाण्यात बुडेल असा तो दोऱ्यानं किंवा चिमट्यानं टांगा. ग्लास हलवायचा नाही. मागं काळा कागद धरा आणि उजेडात बघत बसा. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा सुटतो आणि सावकाश खाली उतरत जातो. त्या धाग्यात रालस्टोनिया नावाचे अगणित जिवाणू असतात. वर्गात हा धागा दिसला की मागच्या बाकावरचीही पोरं पुढं येऊन उभी राहतात. धागा न सुटता नुसता पचपचीत भाग आणि वास असेल, तर पिथियमकडं बोट जातं.

धागा सुटला तर ट्रायकोडर्माचा प्रयोग त्या रानात मांडू नका, तिथं उत्तर मिळणार नाही. ते ठोंब मातीसकट काढून रानाबाहेर न्या, त्या जागेचं पाणी पुढच्या बेडवर जाऊ देऊ नका, खुरपी-कुदळी धुऊनच दुसऱ्या बेडवर वापरा. हाच जिवाणू टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाट्यावरही येतो. म्हणून या पिकांमागं आलं घेऊ नये आणि त्याच रानात तीन-चार वर्षं पुन्हा आलं करू नये. आमच्या भागात मधल्या काळात वाघ्या घेवडा, ज्वारी, गहू घेतात, ते योग्यच आहे.

सडलेल्या कंदात पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या कंदमाशीच्या असतात. तशी वहीत नोंद करा, पण अळी दिसली म्हणजे सड तिनंच आणली असं लगेच लिहू नका. सडलेल्या कंदाकडं माशी ओढली जाते.

पिथियमबद्दल एक गोष्ट समजून घेतली की पुढची निम्मी कामं आपोआप कळतात. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीनं तो खऱ्या बुरशीपेक्षा वेगळा आहे. त्याचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहतात. बेडमध्ये पाणी साचलं की त्यांना एका कंदापासून दुसऱ्यापर्यंत जायला वाट मिळते. म्हणून चर काढणं हे पहिलं औषध आहे आणि बाकी सगळं त्याच्यानंतर. बेणं कार्बेन्डाझिममध्ये बुडवून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. ते औषध खऱ्या बुरशीवर चालतं, पिथियमवर नाही. शिवाय ट्रायकोडर्मा ही खरी बुरशी असल्यानं तिला मात्र ते मारतं. म्हणजे बेणं कार्बेन्डाझिममध्ये बुडवायचं आणि मागून ट्रायकोडर्मा सोडायचं, यात शत्रू जगतो आणि मित्र मरतो.

पुडी जिवंत आहे का

ट्रायकोडर्माच्या पुडीवर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असं प्रमाण छापलेलं असतं. पण दुकानात पुडी पत्र्याखाली, एप्रिल-मेच्या उन्हात किती दिवस पडून आहे, ते छापलेलं नसतं. आम्ही एकदा आणलेल्या पुडीतून काहीच उगवलं नव्हतं. तारीख बघा, आणि त्याहून भरवशाचं म्हणजे घरी उगवून बघा.

तांदळाची कणी किंवा ज्वारी रात्रभर भिजवा, पाणी निथळून काढा आणि रुंद तोंडाच्या चार काचेच्या बाटल्यांत तिसऱ्या हिश्शापर्यंत भरा. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा, त्यावर कागद, वर दोरा. बाटल्या कुकरमध्ये थोड्या पाण्यात उभ्या ठेवा आणि शिट्टी येऊ लागल्यावर आच बारीक करून अर्धा तास ठेवा. प्रयोगशाळेतल्या ऑटोक्लेव्हचं काम घरचा कुकर बऱ्यापैकी करतो, दाबाखालची वाफ दोन्हीकडं तीच. बाटल्या पूर्ण गार होऊ द्या. मग हात साबणानं धुऊन, पेटत्या मेणबत्तीजवळ बोळा काढून दोन बाटल्यांत चिमूटभर पावडर टाका आणि लगेच बंद करा. उरलेल्या दोन बाटल्यांचा बोळाही तसाच उघडा आणि काही न टाकता बंद करा. चारही बाटल्या सावलीत एकाच फळीवर ठेवा.

तिसऱ्या दिवशी पावडरीच्या बाटल्यांत कापसासारखे पांढरे तंतू दिसतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यावर गडद हिरवे पट्टे चढतात. पुडी जिवंत असल्याची ती खूण. पावडर न टाकलेल्या बाटल्यांत काहीच उगवायला नको. त्याही हिरव्या झाल्या, तर आपलं उकळणं कमी पडलं किंवा हवेतली दुसरी बुरशी आत गेली, मग पहिल्या बाटल्यांतल्या हिरव्याचाही भरवसा धरता येत नाही. काळी, केशरी किंवा गुलाबी वाढ दिसली तर ती ट्रायकोडर्मा नव्हे, बाटली न उघडता पुन्हा कुकरला लावा आणि मग टाका. बाटल्या स्वयंपाकघरात ठेवू नका, उघडून नाकाला लावू नका. दमा असलेल्या मुलांना मी हे काम देत नाही.

या न पेरलेल्या दोन बाटल्या म्हणजेच प्रयोगातला मोकळा तुकडा. पोरांना इथं तो कळला की रानात समजावून सांगावा लागत नाही.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर हिरव्या भागाचा कण पाण्याच्या थेंबात ठेवून बघा. फांद्याफांद्यांचे तंतू आणि टोकांना गोल बीजाणूंचे झुबके दिसतात. ट्रायकोडर्माचे तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांच्यावर जगतात, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञानं १९३२ साली दाखवलं, आणि तिथूनच तिचा औषध म्हणून विचार वाढला. विळखा घालायला तिला वेळ लागतो. म्हणून ती आधी रानात मुरलेली हवी. सड लागल्यावर आळवणी करून, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतून, कंद परत येत नाही.

खतात वाढवणं

पुडी तशीच विस्कटण्यापेक्षा खतात वाढवून दिलेली बरी. लागणीच्या पंधरा दिवस आधी ९० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १० किलो निंबोळी पेंड सावलीत एकत्र करा आणि त्यात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळा. पाणी शिंपडत कालवा. मूठभर खत दाबलं तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये. फूटभर उंचीचा ढीग करून त्यावर ओली पोती टाका आणि तीन-चार दिवसांनी वरखाली करा. आठ-दहा दिवसांत पोतं उचललं की ढिगावर पांढरे-हिरवे ठिपके दिसतात. कच्चं शेण घेऊ नका. ते तापतं, आणि त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा तग धरत नाही.

याच्या शेजारी आणखी एक ढीग लावायचा आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. तेच खत, तीच पेंड, तेच पाणी, तीच पोती, फक्त ट्रायकोडर्मा नाही. मोकळ्या तुकड्याला हे खत जाणार. मोकळ्या तुकड्याला काहीच दिलं नाही, तर जो फरक दिसेल तो शेणखताचा आणि पेंडीचा असेल, आणि आपण त्याचं श्रेय ट्रायकोडर्माला देऊन बसू. दोन ढिगांत निदान पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवा. आधी साधा ढीग हलवा, मग ट्रायकोडर्माचा, म्हणजे फावड्याबरोबर बुरशी इकडून तिकडं जात नाही.

बेण्याचंही तसंच. अर्ध्या बेण्याला लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्माच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. उरलेलं अर्धं साध्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवा. बेणं एकाच ढिगातलं, सारख्या जाडीचं घ्या आणि वाटणी आधी करा. चांगले डोळे, म्हणजे कोंब फुटणारे कंदाचे तुकडे, औषधाच्या बाजूला आणि उरलेसुरले दुसरीकडं, असं नकळत होतं.

जोड्या मांडणं

रान कधीच सगळीकडं सारखं नसतं. वसना नदीच्या खोऱ्यात आमच्याकडं एकाच एकरात वर मुरमाड आणि खाली काळी चोपण अशी जमीन सापडते. पाणी खाली साचतं, सड खाली जास्त. अशा रानात वरचा अर्धा भाग औषधाला आणि खालचा मोकळा ठेवला, तर औषध न टाकताही वरचा जिंकणार.

म्हणून जोड्या करा. उताराच्या वरच्या अंगाला एक जोडी, मध्ये एक, खाली एक. जोडीतले दोन तुकडे एकाच उंचीवर, शेजारच्या दोन बेडवर. तुकडा वीस फूट लांब असू द्या. नऊ इंचांवर एक ठोंब अशा दोन ओळी धरल्या तर एका तुकड्यात पन्नासच्या आसपास ठोंब बसतात, मोजायला पुरेसे आणि कंटाळा न येणारे. दोन बेडमधला चर खोल ठेवा, म्हणजे एका तुकड्याचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. वरच्या जोडीचं पाणी मधल्या जोडीच्या अंगावर न येता बाजूनं निघून जायला हवं. पोहणाऱ्या बीजाणूंशी गाठ आहे, हे विसरू नका. बेडचे शेवटचे दोन-तीन ठोंब मोजणीत धरू नका, कडेला ऊन-वारा वेगळा लागतो.

आता जोडीतल्या कुठल्या तुकड्याला औषध, हे आपण ठरवायचं नाही. चिठ्ठी टाकायची. प्रत्येक जोडीसाठी वेगळी चिठ्ठी, आणि ती एखाद्या लहान मुलाकडून उचलून घ्यायची. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागतो, कारण "कुठलं बेड चांगलं ते मला ठाऊक हाय की!" ठाऊक आहे म्हणूनच चिठ्ठी. ज्यावर आपला जीव आहे, त्या औषधाला आपण नकळत चांगली जागा देतो.

ही गोष्ट जगाला शिकवणाऱ्यांत आपल्या जिल्ह्याचा माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी जन्मले. पिकाचा अंदाज तेव्हा आणेवारीनं, म्हणजे नजरेनं, बांधला जायचा. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात सोडतीच्या पद्धतीनं शेतं निवडून, ठरावीक मापाचा तुकडा कापून, वजन करून उत्पन्न काढायची पद्धत देशात रुजवली. पुढं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. चिठ्ठी टाकायच्या दिवशी मी पोरांना बुध कुठं आहे ते नकाशावर दाखवते. त्यांच्यातल्या कुणाची तरी मावशी-आत्या त्या बाजूला असतेच.

तीन जोड्या कमीत कमी झाल्या. औषधात काहीच दम नसेल, तरी एका जोडीत ते योगायोगानं सरस दिसण्याची शक्यता दोनात एक. तिन्ही जोड्यांत सरस दिसण्याची आठात एक. म्हणजे तिन्ही जोड्या जिंकल्या तरी नुसत्या नशिबाला थोडी जागा उरतेच. पाच जोड्या असतील तर ती बत्तिसात एक होते, मग मी विश्वास ठेवायला लागते. एकट्याला पाच जोड्या जमत नसतील तर भावकीतल्या, शेजारच्या दोघांना सोबत घ्या. प्रत्येकानं आपल्या रानात दोन-दोन जोड्या मांडायच्या, पुडी मात्र सगळ्यांची एकच.

तुकड्यांना पाट्या लावा, पण पाटीवर "औषध" आणि "मोकळा" असं लिहू नका. नुसते आकडे लिहा, १ ते ६. कुठल्या आकड्याला काय दिलं, तो कागद पाकिटात घालून कपाटात ठेवा. मोजणाऱ्याला ते माहीत नसावं. माणूस प्रामाणिक असला तरी अर्धवट पिवळा ठोंब कुठं धरायचा आणि कुठं सोडायचा, हे मन आधीच ठरवतं. आमच्याकडं मोजायला पोरं असतात आणि पाकीट माझ्याकडं असतं. काढणीपर्यंत ती कितीही मागं लागली तरी मी उघडत नाही.

मोजणी

उगवण पूर्ण झाली की प्रत्येक तुकड्यातले ठोंब एकदा मोजून लिहा. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढची टक्केवारी यावर निघते. न उगवलेल्या डोळ्याला सडलेला म्हणायचं नाही. त्याचा रकाना वेगळा.

मग जून अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी फेरी. ज्या ठोंबाचा दांडा ओढल्यावर सुटतो तो आजारी धरायचा, त्याच्याशेजारी लाल चिंधीची काडी रोवायची, वहीत तारीख आणि तुकड्याचा आकडा लिहायचा. काडी असलेला ठोंब पुढच्या रविवारी पुन्हा मोजला जात नाही. आजारी ठोंब काढून टाकायचा असेल तर सगळ्या तुकड्यांतून सारख्याच पद्धतीनं काढा, काडी जागेवर राहू द्या. त्या आठवड्यात पाऊस कसा होता हे एका शब्दात लिहिलं तरी चालतं, पण चरात पाणी उभं होतं का, हे नक्की लिहा. पुढं सगळ्यात कामाला तीच ओळ येते.

हिशेब साधा आहे. समजा तुकड्यात ५० ठोंब उगवले आणि हंगामभरात ८ काड्या लागल्या, तर ८ भागिले ५० गुणिले १००, म्हणजे १६ टक्के. जोडीतल्या दोन तुकड्यांची टक्केवारी शेजारी-शेजारी लिहा आणि वजाबाकी जोडीनिहाय करा. सगळ्या औषधाच्या तुकड्यांची सरसकट बेरीज आणि सगळ्या मोकळ्यांची सरसकट बेरीज करून मोकळे होऊ नका. त्यात वरचं रान आणि खालचं रान एकमेकांत मिसळून जातं.

आमच्या रानातला अनुभव सांगते. वरच्या आणि मधल्या जोडीत ट्रायकोडर्माच्या तुकड्यांत काड्या कमी होत्या, नजरेला दिसेल इतक्या कमी. खालच्या जोडीत दोन्ही तुकडे सारखेच गेले, चरात पाणी उभं होतं तिथं बुरशीनं काही केलं नाही. सासऱ्यांनी वही मांडीवर घेऊन पावसाची ओळ आणि काड्यांची ओळ बोटानं जुळवली आणि दुसऱ्या साली सगळ्यात आधी खालच्या अंगाचा चर दीड फूट खोल काढून घेतला. मी सांगून ते झालं नसतं.

दुसरं काही तपासायचं असेल तर

मांडणी हीच ठेवा, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. जीवामृत तपासायचं असेल तर २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती हे नेहमीचंच प्रमाण घ्या. मोकळ्या तुकड्याला तेवढंच साधं पाणी द्या. ट्रायकोडर्मा, जीवामृत, दशपर्णी अर्क सगळं एकाच तुकड्याला दिलं आणि सड कमी आली, तर खर्च कशावरचा वाचवायचा हे कधीच कळणार नाही.

बोर्डो मिश्रणही असंच तपासता येतं. १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात वेगळं विरघळवा, चुना वेगळा विरवून गाळून घ्या, मग दोन्ही एकत्र करा. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, आणखी चुन्याचं पाणी घाला आणि खिळा पुन्हा बुडवा. थर चढायचा थांबला की मिश्रण वापरायला तयार. तासगावकडचे द्राक्षवाले केवडा रोगासाठी हेच वापरत आलेत. पण तांबं ट्रायकोडर्मालाही सोडत नाही, म्हणून दोन्ही एकाच तुकड्यात देऊ नका. प्रमाणित सेंद्रिय शेती असेल तर तांबं किती चालतं, त्याला मर्यादा असते. ते प्रमाणीकरणवाल्यांना आधी विचारून घ्या.

लागणीआधी एप्रिल-मेमध्ये ओल्या बेडवर पारदर्शक पातळ प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरून माती तापवणं हा आणखी एक चांगला उपाय आहे. इस्रायलमध्ये काटान यांनी १९७६ साली तो मांडला, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याला तो फार शोभतो. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच हवं, कडा मातीनं दाबलेल्या हव्यात. जोडीतला एक बेड झाका, एक उघडा ठेवा. मात्र झाकून झालं की बेड खोल खणू नका, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते.

निकाल घेऊन मी पोरांना बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पाठवते, सांगली बाजूचे हळदवाले कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात जाऊ शकतात. हळदीच्या कंदकुजीलाही हीच मांडणी चालते. नुसता प्रश्न घेऊन गेलं की उत्तर मिळतं. जोड्यांचे आकडे घेऊन गेलं की तिथले लोक खुर्ची ओढून बसतात आणि उलटे प्रश्न विचारतात.

काढणी

काढणीच्या दिवशी घाई असते, टोळी आलेली असते, गाडी उभी असते. तरी सहा तुकडे टोळी शिरायच्या आधी स्वतः काढा. प्रत्येक तुकड्याला वेगळं पोतं, पोत्याला त्याच आकड्याची पाटी. माती सारखीच झाडा, सडका भाग कापून वेगळा ठेवा, चांगल्याचं आणि सडक्याचं वजन वेगवेगळं लिहा. काड्या कमी पण वजनही कमी, असंही कधी निघतं. आपल्याकडं आलं ५०० किलोच्या गाडीवर विकलं जातं, त्यामुळं शेतकऱ्याला टक्केवारीपेक्षा गाडीत किती भर पडली ते लवकर पटतं. वीस फुटांच्या तुकड्यातला फरक एकराच्या हिशेबात मांडून दाखवा. ट्रायकोडर्मा, पेंड आणि मजुरीचा खर्च त्याशेजारी लिहा. मग पाकीट उघडा.

पुढच्या सालाचं बेणं मात्र तुकड्याच्या आकड्यावरून निवडू नका. ज्या बेडवर एकही काडी नाही, आणि जिथं धागा सुटणारा एकही ठोंब सापडला नाही, तिथलंच बेणं ठेवा. औषधाचा असो वा मोकळा, लाल चिंधीच्या शेजारचा कंद बेण्यात घालायचा नाही. रोग बेण्यातूनच नव्या रानात जातो, आणि तिथं गेला की पुढची तीन-चार सालं त्या रानात आलं घेता येत नाही.